दारावरून रिकामी गाडी

सोमवार, ४

डॉक्टर म्हणाले, "बाई, राग आला की माणसांवर काढू नका, वहीत काढा. रक्तदाब खाली येईल." ह्यांच्या कपाटात औषध कंपनीची एक कोरी डायरी पडून होती, ती घेतली. पहिल्याच पानावर सुविचार छापलाय, क्रोध हा माणसाचा शत्रू वगैरे. तो खोडला. आता जागा झाली.

तर राग. घर बदलून आठवडा झाला. शहरातल्या जुन्या वस्तीतली भाड्याची जागा सोडली आणि इथे, शहराबाहेरच्या नव्या कॉलनीत, स्वतःच्या दोन खोल्यांत आलो. ह्यांच्या निवृत्तीचा सगळा पैसा त्यात गेला. जागा बघायला एकटेच आले होते. परत आले ते फक्त नाचायचे बाकी होते. "अगं, सकाळी दारावरून गाड्यांची नुसती रीघ. एक गेली की दुसरी. तू चपला घालून खाली उतरायचं, गाडी हजर." सगळा जन्म बसडेपोत गेलेला माणूस. सगळ्या गाड्यांची वेळापत्रकं ह्यांनीच आखलेली. म्हटलं, बाकी कशात नाही तरी बसच्या बाबतीत ह्यांचं चुकायचं नाही.

गाड्या आहेत. रीघही आहे. खोटं नाही बोलले. फक्त एकही थांबत नाही. डेपो आमच्या कॉलनीच्या मागे, माळावर. सकाळी तिथून निघालेल्या गाड्या रिकाम्याच शहरात जातात, आपापल्या पहिल्या थांब्यावर पोचतात आणि मग माणसं घ्यायला लागतात. मधल्या रस्त्यावर दार उघडायचं नाही असा नियम. डेपोत ह्याला 'डेड फेरी' म्हणतात. ह्यांनी जन्मभर कागदावर रंगीत पेन्सिलींनी रेघा ओढल्या. निळी गाडी, हिरवी गाडी, लाल गाडी. सगळ्या रेघा ह्याच रस्त्यावरून जातात. रेघेला दार असतं का आणि ते उघडतं का, हे बघायची ह्यांना कधी गरज पडली नाही.

हे कबूल करतील तर शपथ. म्हणतात, "थांबायला हव्यात खरं म्हणजे." खरं म्हणजे.

मंगळवार, ५

आज उशीर झाला. इथे आल्यापासूनचा दुसरा.

मी हॉस्पिटलात ऑपरेशनच्या उपकरणांचे ट्रे लावते. कात्र्या, चिमटे, आकडे, सुया. धुऊन, पुसून, ठरल्या क्रमाने मांडायचे, कापडात बांधायचे आणि वाफेच्या यंत्रात घालायचे. हे काम एकटीचं नाही. एकीने मांडायचं, दुसरीने मोठ्याने मोजायचं, म्हणजे पेशंटच्या पोटात काही राहिलं का हे नंतर कळतं. माझी जोडीदारीण आणि मी इतकी वर्षं समोरासमोर उभ्या राहून हेच करतोय. ती मोजते, मी मांडते. पहिल्या ऑपरेशनचा ट्रे आमच्या हातून जातो, म्हणून आमची पाळी सगळ्यांच्या आधी.

आणि तीन उशीर झाले की सकाळची पाळी गेली. लॉन्ड्रीत पाठवतात, ठेकेदाराच्या हाताखाली. तिथे गेलं की नोकरी तुटली असं धरतात. माझी पेन्शन दोन वर्षांवर आलीय. मेट्रनबाई आज चष्म्यावरून बघून म्हणाल्या, "दोन झाले. घर लांब घेतलं तो तुमचा प्रश्न."

माझा प्रश्न. माझा एकटीचा. बरोबर आहे.

बुधवार, ६

काय काय मार्ग आहेत ते सगळे धुंडाळून झाले.

कॉलनीतून व्हॅन जाते. व्हॅनवाला जो आकडा सांगतो तो ऐकून मी म्हटलं, "दादा, मला रोज न्यायचंय, लग्नाला नाही." पगाराचा तिसरा हिस्सा त्याच्या घशात घालायचा तर मी कामाला जाते कशाला? शिवाय निवृत्त कर्मचाऱ्याची बायको म्हणून माझ्याकडे बसचा फुकट पास आहे. पर्समध्ये पास आणि डोळ्यांसमोरून रिकामी बस. दात आहेत तर चणे नाहीत, असलं काहीतरी.

चालत नाक्यापर्यंत गेलं तर तिथून हमरस्त्याची बस मिळते, ती थेट हॉस्पिटलापाशी सोडते. पण नाका लांब, रस्त्याला फूटपाथ नाही आणि अंधारात ट्रक अंगावर येतात. आज गेले तशी. पोचले वेळेवर, पण साडीला चिखल आणि छातीत धडधड. जोडीदारणीने गपचूप पाण्याचा ग्लास पुढे केला. म्हणाली, "असं रोज केलंस तर मांडणारी दुसरी शोधावी लागेल मला." ती अजून जुन्या वस्तीतच राहते, आमच्या पूर्वीच्या गल्लीच्या पलीकडे. तिची बस पहिल्या थांब्यावरून सुटते, बसायला जागा मिळते, हॉस्पिटलाच्या दारात उतरते. मीही इतकी वर्षं त्याच गाडीने आले. माझी खिडकी ठरलेली होती.

लेकीचा फोन. "आई, सोड ना नोकरी. बाबांची पेन्शन आहे." म्हटलं, बाबांची आहे. माझी कुठाय?

शुक्रवार, ८

आजचा राग लिहायला ही वही पुरायची नाही.

कॉलनीच्या फाटकाशी आता आम्ही चार-पाच जण उभे असतो. मी, एक शिंपीण, शाळेतला शिपाई, दोघी घरकाम करणाऱ्या. सगळ्यांनाच व्हॅन परवडत नाही. उगाच आशेने उभे राहतो, हात करतो. गाड्या जातात. आत सगळे दिवे लागलेले, सीटा पुसलेल्या, माणूस नाही. एक एक सीट दिसते. शिंपीण म्हणते, "निदान दिवे तरी बंद करून न्या म्हणावं."

आज मला तिडीक आली. पुढची गाडी दिसली आणि मी रस्त्यात जाऊन उभी राहिले. ड्रायव्हरने कचकन ब्रेक दाबला. खिडकीतून मान काढून म्हणाला, "मावशी, मरायचंय का?"

"मरायचं नाही, कामावर जायचंय."

"ही डेड गाडी आहे."

"मग मी तरी कुठे जिवंत दिसते? घे आत."

मागे शिपाई हसला. ड्रायव्हर नाही हसला. म्हणाला, "दार उघडलं तर माझी नोकरी जाईल."

"नाही उघडलंस तर माझी जाईल."

मागून दुसरी गाडी आली, तीही रिकामी, तिने हॉर्न दिला. मी बाजूला झाले. झाले कारण तो पोरगा खरंच घाबरलेला होता, आणि घाबरलेल्या माणसावर राग काढण्यात काही मजा नाही. शेवटी व्हॅनने गेले.

संध्याकाळी घरी आले तर हे फुगून बसलेले. डेपोतून फोन आला होता. "माझी बायको रस्त्यात गाडी अडवते? डेपोत काय तोंड दाखवू?"

मी म्हटलं, "तोंड कशाला दाखवता? रेघ दाखवा एखादी."

ते उठून बाल्कनीत गेले. मी जेवण वाढलं, बोलले नाही. बोलणारही नाही. कानाला खडा.

मंगळवार, १२

अबोला चालू आहे. ह्यांना हल्ली फिरायला जायचं वेड लागलंय. मी उठायच्या आत बाहेर. डॉक्टरने सांगितलं म्हणे चालायला. मला तोंड चुकवायचं म्हणून जातात, न कळायला मी काय दूधखुळी आहे? येतात ते घोट्यापर्यंत धुळीने माखून. कॉलनीतले रस्ते सिमेंटचे आहेत, ही धूळ कुठून आणतात कोण जाणे. बूट दाराबाहेर ठेवा म्हणून सांगायचं होतं, पण अबोला असल्यामुळे सांगता आलं नाही.

आज मला विचारतात, "फाटकाशी किती जण असतात रोज?" मी उत्तर दिलं नाही. वर पुन्हा, "नाक्यावरच उतरतील ना सगळे?" मी भिंतीला म्हटलं, लोकांना चौकशा करायला भारी आवडतं.

टेबलावर रंगीत पेन्सिलींचा डबा काढलेला दिसला. टोकं करून ठेवलीत. निवृत्त झाल्यावर माणसं देवाचं करतात, बाग करतात. हे रेघा ओढतात. उंटावरून शेळ्या हाकायची सवय अशी सुटते थोडीच.

मी मात्र पहाटे नाक्यापर्यंत चालते. पाय सुजलेत.

सोमवार, १८

गाडी थांबली.

लिहून ठेवते, कारण मला अजून खरं वाटत नाही. पहिली गाडी, तोच ड्रायव्हर, फाटकाशी आली आणि उभी राहिली. दार उघडलं. कंडक्टर खाली वाकून म्हणाला, "चला, नाक्यापर्यंत. आजपासून थांबा आहे." पुढेही दोन ठिकाणी थांबली, तिथल्या वस्त्यांमधली माणसं तशीच तोंडं उघडी टाकून चढली. शिंपीण तर रडायलाच लागली. मी खिडकीशी बसले. नाक्यावर उतरले, हमरस्त्याची बस लगेच मिळाली. हॉस्पिटलात पोचले तेव्हा पहिला ट्रे धुतलाही नव्हता.

ड्रायव्हरला म्हटलं, "बघ, मिळाली ना परवानगी." तो नुसतं हसला. म्हणाला, "मावशी, तुमच्या घरात माणूस मोठा आहे." मी म्हटलं, घरातल्या माणसाचं काय घेऊन बसलास, रस्त्यात मी उभी राहिले होते.

आणि खरंच आहे. मी उभी राहिले म्हणून झालं. ओरडल्याशिवाय कुणी ऐकत नाही हे मी आयुष्यभर सांगत आले.

रात्री जेवताना अबोला सोडला. ह्यांना सगळं सांगितलं, जरा टोचूनच. "तुमच्या डेपोला कळलं शेवटी." ते म्हणाले, "बरं झालं." एवढंच. शाबासकी द्यायला जीभ रेटत नाही.

शुक्रवार, २२

आठवडाभर रोज वेळेआधी. मेट्रनबाईंनी दखल घेतली.

जोडीदारणीचं मात्र काय चाललंय कळत नाही. मंगळवारी उशीर, आज पुन्हा. मी ट्रे मांडून तिची वाट बघत उभी. मोजणार कोण? शेवटी एका शिकाऊ नर्सला हाताशी घेतलं. ती आकडे पुटपुटते, मध्येच विसरते, मग सगळं पुन्हा पहिल्यापासून. पहिलं ऑपरेशन कसंबसं सावरलं.

जोडीदारीण धापा टाकत आली. मेट्रनबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "ह्यांच्याकडे बघा. शहराबाहेरून येतात, तरी वेळेआधी हजर. तुम्ही एवढ्या जवळून येता, लाज नाही वाटत?"

मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू? दोन आठवड्यांपूर्वी मीच त्या जागी मान खाली घालून उभी होते. आज माझं उदाहरण देतायत.

नंतर ट्रेवर वाकून ती हळूच म्हणाली, "आमची गाडीच उशिरा येते हल्ली. पाव तास तरी. रोज रिक्षा कुठून करू?"

मी म्हटलं, "मग आधीची पकड."

"ती पहिलीच आहे. तिच्या आधी कुठली?"

"मग घरातून लवकर निघ."

तिने माझ्याकडे बघितलं आणि मोजायला लागली. एक, दोन, तीन. मी म्हटलं ते खरंच आहे. मी एवढं चालले, चिखल तुडवला, गाडीसमोर उभी राहिले. हिला गाडी पाव तास उशिरा येते हे कारण पुरतं.

सोमवार, २५

जेवताना हे विचारत होते, "तुमच्याकडे बाकीच्या वेळेवर येतात ना?" म्हटलं, तुम्हाला कधीपासून आमच्या खात्याची काळजी? तरी सांगितलं, की जोडीदारणीचे दोन उशीर झालेत. जुन्या वस्तीची पहिली गाडी उशिरा येते अशी सबब सांगते. ह्यांचा घास हातातच राहिला. विचारलं, "काय झालं?" तर म्हणे, मीठ जास्त झालंय. मीठ बरोबर होतं. मी खाऊन बघितलं.

बुधवार, २७

मी मूर्ख आहे. शाई संपेपर्यंत हेच लिहायला पाहिजे.

आज नाक्याच्या अलीकडे ट्रकची रांग होती. गाडी अडकली. ड्रायव्हर स्टिअरिंगवर हात आपटत म्हणाला, "झालं. आज पुन्हा पुढच्यांच्या शिव्या."

मी विचारलं, "पुढचे कोण?"

"तुम्ही नाक्यावर उतरता. मला पुढे जुन्या वस्तीत जायचंय ना. तिथली पहिली फेरी हीच गाडी करते. इकडचे थांबे दिल्यापासून रोज पाव तास उशीर. लोक माझ्या नावाने बोटं मोडतात."

नाका आला. मागच्यांनी ढकललं म्हणून उतरले.

माझी गाडी. तिची गाडी. गाडी एकच. इतकी वर्षं मी ज्या खिडकीशी बसून गेले तीच गाडी आता मला न्यायला येते, आणि तिला तिथे उभी ठेवते. आणि मी तिला घरातून लवकर निघ म्हणाले. ह्या तोंडाने.

आज ती वेळेवर आली होती. कशी, ते विचारलं. म्हणाली, "चालत. सगळा रस्ता." तिच्या पायांकडे बघवेना. मी तिला काहीच सांगितलं नाही. सांगायला हवं होतं. मोजणीच्या वेळी दोनदा चुकले.

घरी आले ती चपला न काढता ह्यांच्यासमोर उभी राहिले. "ही गाडी थांबवली कुणी?"

हे पेन्सिल खाली ठेवून म्हणाले, "मी."

रोज पहाटे डेपोत जात होते. माळावरून चालत, म्हणून ती धूळ. ज्या पोराला ह्यांनी कामाला लावलं, पेन्सिल धरायला शिकवली, तो आता ह्यांच्या खुर्चीत आहे. त्याच्यासमोर स्टुलावर बसून ह्यांनी नवा तक्ता करून दिला. तो नाही म्हणाला, हे दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले.

"मला का नाही सांगितलंत?"

"तू बोलत नव्हतीस."

हे ऐकून मला रडू यावं की संताप, ठरवता येईना. संताप आधी आला. "आणि पाव तास कुणाचा काढलात?"

"वेळ काही झाडाला लागत नाही. इकडे द्यायचा तर कुठूनतरी काढावाच लागतो. जुन्या वस्तीत नंतर गाड्या पुष्कळ आहेत. पाव तासाने कुणाचं काय बिघडणार, असं वाटलं."

"ह्याची टोपी त्याच्या डोक्यावर. हेच केलंत जन्मभर."

"हेच असतं ते काम," ते म्हणाले. मग हळू आवाजात, "परवा तू जेवताना सांगितलंस, तेव्हा मला कळलं कुणाचा काढला ते."

"आणि गप्प बसलात?"

"बोललो असतो तर तुझी गाडी गेली असती."

माझ्यासाठी केलं. प्रत्येक वाईट गोष्टीवर ही चिठ्ठी चिकटवली की ती चांगली होते का? त्यांच्यावर ओरडले. खूप ओरडले. शेजारच्या बाई दार उघडून बघून गेल्या. पण खरी गोष्ट ही, की ओरडताना मला उद्याच्या गाडीची काळजी होती. ती बंद पडली तर काय, हाच विचार मागे चालला होता. त्याचा राग मला सगळ्यात जास्त आला.

गुरुवार, २८

पहाटे फाटकाशी गेले. शिंपीण, शिपाई, त्या दोघी, आणखी तीन नवी माणसं. सगळी खुशीत. त्यांना काय सांगू? की उतरा, ही आपली नाही? शिंपिणीला आता शहरात काम मिळालंय. ती माझ्यासाठी जागा धरून बसली होती.

नाका आला. सगळे उतरले. मी बसून राहिले.

ड्रायव्हर आरशात बघून म्हणाला, "मावशी, नाका."

"ठाऊक आहे."

"पुढे डेड आहे. पॅसेंजर नेता येत नाही."

"तू चालव. मी पॅसेंजर नाही, मी बघायला आलेय."

त्याने गिअर टाकला. कंडक्टरने तोंड फिरवलं. गाडी निघाली. आख्ख्या रिकाम्या गाडीत मी एकटी, सगळे दिवे लागलेले. आज उशीर होणार हे मला ठाऊक होतं. माझा तिसरा. मेट्रनबाईंचा चष्मा डोळ्यांसमोर दिसत होता. तरी उठले नाही. का, ते नीट सांगता येत नाही. तिथे कोण कोण उभं असतं ते मला बघायचं होतं.

जुन्या वस्तीचा थांबा. माझाच थांबा. तीस-चाळीस माणसं. गाडी दिसताच सगळ्यांनी मनगटं वर केली, ड्रायव्हरला घड्याळं दाखवली. ओळखीची तोंडं होती. गल्लीतली नळदुरुस्तीवाली, बेकरीतला म्हातारा. दार उघडलं. पहिल्या पायरीवर जोडीदारीण, पायाला पट्टी, आज चालवलं नसणार.

आत कुणीच नाही, फक्त मी. माझ्या जुन्या खिडकीशी.

तिला सगळं कळायला तेवढं पुरलं. ती हुशार आहे, तिला मोजायची सवय आहे. मागून लोक ढकलत होते, तरी ती पायरीवर थांबून माझ्याकडे बघत राहिली. मग आली आणि म्हणाली, "सरक."

मी सरकले. ती बसली. हॉस्पिटल येईपर्यंत घड्याळाकडे बघत राहिली. उतरताना मी म्हटलं, "मला कालच कळलं." ती म्हणाली, "काल संध्याकाळपर्यंत आपण एकाच टेबलाशी होतो."

दोघी बरोबर आत शिरलो. दोघींचा तिसरा उशीर.

उपकरणांच्या खोलीत नुसता गोंधळ. एक उशिरा आली तर दुसरी मांडते, कुणीतरी मोजतं, चालून जातं. दोघी नाहीत म्हटल्यावर ट्रे कुणी मांडेना. शिकाऊ नर्सने मांडला, तर त्यात आतड्यांच्या ट्रेमधले चिमटे हाडांच्या ट्रेमध्ये. ऑपरेशन थांबलं. एक आजोबा रात्रीपासून उपाशी, टेबलावर झोपवलेले, पुन्हा बाहेर आणले. त्यांना थंडी वाजत होती. त्यांनी कुणाचं काय केलं होतं? हे माझ्या नावावर लिहून ठेवते.

मोठे सर्जन बाहेर येऊन मेट्रनबाईंवर ओरडले. मेट्रनबाई आमच्यावर. "दोघींना आजच्या आज लॉन्ड्रीत धाडते."

मी म्हटलं, "धाडा. मग उद्याचा ट्रे कोण लावणार तेवढं सांगा."

माझा आवाज चढला होता, रक्तदाब गेला खड्ड्यात. म्हटलं, "बाई, गाडी एकच आहे. ती आली की मी वेळेवर आणि ही उशिरा. नाही आली की ही वेळेवर आणि मी उशिरा. तुम्ही आज मला हिचं उदाहरण द्या, उद्या हिला माझं द्या. त्याने गाड्या दोन होणार नाहीत."

सर्जन ऐकत होते. त्यांनी विचारलं, कुठली गाडी. मी सांगितलं. त्यांनी तिथेच उभ्या उभ्या फोन काढला आणि बसवाल्यांच्या मोठ्या साहेबांशी बोलले. चहा थंड व्हायच्या आत तिकडून 'दोन्हीकडचं जमवतो' असं कबूल झालं. मी गाडीसमोर उभी राहिले, हे रोज धूळ खात गेले, चाळीस माणसं रोज घड्याळं दाखवतात, त्याने जे हललं नाही ते एका फोनने हललं. आनंद व्हायला हवा होता. दिवसभर माझे दात आवळलेले होते.

लॉन्ड्रीचा विषय पुन्हा निघाला नाही; गाड्यांचं ठरेपर्यंत दोघींना पाव तासाची सूट मिळाली. आम्ही हात धुतले, ट्रे पुढे ओढला. ती मोजायला लागली. आजोबांचं ऑपरेशन दुपारी झालं.

शनिवार, ३०

डेपोतून ह्यांना बोलावणं आलंय. नवा तक्ता करून द्या म्हणाले, दोन्हीकडचं जमेल असा. ह्यांचा चेहरा उजळलाय. लगेच मोठा कागद पसरला, पेन्सिली मांडल्या. म्हणतात, "गाडी डेपोतून आधी काढली तर जमेल. ड्रायव्हरला तेवढं लवकर उठवावं लागेल."

"त्याला विचारलंत?"

"त्याला काय विचारायचं? ड्यूटी आहे."

मी कागदावर हात ठेवला. म्हटलं, "कागद नंतर. सोमवारी तुम्ही थांब्यावर उभे राहा. जुन्या वस्तीच्या. लोकांबरोबर. ड्रायव्हरशी बोला, माझ्या जोडीदारणीशी बोला. मग हव्या तेवढ्या रेघा ओढा."

"एवढी वर्षं केलं मी हे."

"म्हणूनच सांगतेय. कधी उभे राहिलात थांब्यावर?"

त्यांनी विचार केला. खरंच विचार केला. मग म्हणाले, "स्टाफची गाडी असायची आम्हाला."

सोमवार, १

मी नाक्यावर उतरले नाही. कंडक्टरने आज विचारलंही नाही.

जुन्या वस्तीत गाडी शिरली. थांब्यावर नेहमीची गर्दी. हे आधीच व्हॅनने गेले होते, पण दिसेनात. मला वाटलं, आलेच नाहीत, ऐनवेळी शेपूट घातली. डोक्यात तिडीक गेली. मग दिसले. इस्त्रीचा शर्ट, मनगटावर घड्याळ, हातात वही, खिशात तीन रंगांच्या पेन्सिली. रस्त्याच्या पलीकडे, चुकीच्या बाजूला उभे. ज्या बाजूला गाडी डेपोकडे परत जाते त्या बाजूला. एकटेच, अगदी ऐटीत, वाट बघत.

जोडीदारीण चढली, माझ्या शेजारी बसली. आज 'सरक' म्हणावं लागलं नाही. तिने माझ्या नजरेच्या रोखाने बाहेर बघितलं. "तुझेच ना हे, आमचा पाव तास काढणारे?"

"हेच."

"गाडी कुठल्या बाजूला येते ते ठाऊक नाही त्यांना?"

"वेळ ठाऊक आहे. बाजू नाही."

ती हसली. चार दिवसांत पहिल्यांदा. मला मात्र हसू येईना. ह्या माणसाने ह्या सगळ्यांची सकाळ आखली, इतकी वर्षं, आणि मी अभिमानाने सांगत फिरले. खिडकीतून ओरडणार होते, तेवढ्यात तीच उठली, दारापाशी गेली आणि बाहेर वाकून म्हणाली, "साहेब, इकडे या. सावकाश, ट्रक बघून. तुमच्यासाठी गाडी थांबवतो आम्ही."

हे दचकले, वही सावरत रस्ता ओलांडायला लागले. ड्रायव्हरने दार उघडं ठेवलं. सगळी गाडी त्यांची वाट बघत होती आणि मागून कुणीतरी म्हणालं, कोण आहे हा माणूस, आम्हाला उशीर होतोय.